आम्लयुक्त पाणी आणि गोड्या पाण्यातील गोगलगायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीत, तळ्यात किंवा प्रयोगशाळेत गोगलगायी सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. शंखावर पांढरे डाग दिसू लागले की सगळे शंखाकडे बघतात. पण डाग दिसेपर्यंत आतल्या शरीराने बरेच सोसलेले असते. म्हणून इथे आधी शरीरात काय बिघडते ते सांगितले आहे आणि पाणी सुधारण्याचे उपाय त्यानंतर.

पाणी आम्लयुक्त आहे असे कधी म्हणायचे?

रसायनशास्त्राप्रमाणे सामू, म्हणजे पीएच, ७ च्या खाली गेला की. एक लक्षात ठेवा: सामू एका अंकाने उतरतो तेव्हा पाण्याला आम्ल बनवणारे हायड्रोजन आयन दहापट होतात. ७.५ चे पाणी ६ वर आले तर ही वाढ तीसपटीहून जास्त असते. कागदावर दीड अंकाचा फरक दिसतो, प्राण्याला तो तेवढाच वाटत नाही.

बहुतेक जातींना ७.२ ते ८.२ हा पट्टा मानवतो. ६.५ च्या खाली वाढ मंदावते आणि ५.५ च्या खाली फार थोड्या जाती तग धरतात. नॉर्वेतील सुमारे हजार तलावांच्या पाहणीत सामू ५.२ च्या खाली असलेल्या तलावांत गोगलगायी सापडल्या नाहीत. मात्र एकट्या सामूवरून निष्कर्ष काढू नका. पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट क्षारता (आम्ल शमवण्याची पाण्याची ताकद) हे दोन आकडे हाताशी नसतील तर सामूचा आकडा अर्धवटच असतो.

शंख विरघळतो, की नवीन बनायचा थांबतो?

दोन्ही होते, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. गोड्या पाण्यातील बहुतेक जातींत ते अ‍ॅरॅगोनाइट या स्फटिकरूपात असते. त्यावर सर्वांत बाहेर पेरिऑस्ट्रॅकम नावाचा पातळ, तपकिरी किंवा हिरवट प्रथिनांचा थर असतो. खरे संरक्षण हा थर करतो, कारण गोडे पाणी बहुतेकदा कॅल्शियम कार्बोनेट विरघळवणारेच असते. उदाहरणार्थ, लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम, ५० मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) आणि २५ अंश तापमान असलेले पाणी सामू जवळजवळ ८.५ होईपर्यंत कार्बोनेटने संपृक्त होत नाही. म्हणजे सामू ७.५ असतानाही उघडा पडलेला शंख हळूहळू झिजतच असतो.

शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग. दगडावर घासून, शेवाळ खरवडणाऱ्या दुसऱ्या गोगलगायींमुळे किंवा नुसत्या वयाने तिथला थर आधी निघतो. म्हणून झीज टोकाकडून सुरू होते: आधी खडूसारखा पांढरा ठिपका, मग खड्डा, मग वेटोळ्यांच्या सांध्यालगत खोलगट रेषा. पाणी जितके आम्ल, तितका वेग जास्त.

नवीन शंख मात्र दुसऱ्या टोकाला, तोंडाच्या कडेला तयार होतो. तिथे प्रावाराची, म्हणजे शंखाला आतून अस्तरासारख्या लागून असलेल्या त्वचेच्या घडीची, कड आधी पेरिऑस्ट्रॅकम घालते आणि त्याखाली कार्बोनेट बसवते. आम्ल पाण्यात ही कड पातळ, जवळजवळ पारदर्शक आणि ठिसूळ येते. टोकाची झीज पाहून घाबरणाऱ्यांना आमचा सल्ला असा की आधी कड बघा. आत्ताचे पाणी कसे आहे ते कड सांगते. टोक जुना हिशेब दाखवते.

कॅल्शियम शरीरात येते कुठून, आणि आम्ल त्यात काय अडथळा आणते?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

गोगलगाय कॅल्शियम अन्नातून घेते आणि थेट पाण्यातूनही. लिम्निया स्टॅग्नॅलिस या जातीवर बरेच काम झाले आहे. पाण्यात पुरेसे कॅल्शियम असताना ती सुमारे चार पंचमांश कॅल्शियम पाण्यातून त्वचेवाटे घेते आणि उरलेले अन्नातून. तिची शोषणक्षमता लिटरमागे साधारण १२ मिलिग्रॅम कॅल्शियमला निम्मी भरते आणि ४० ते ६० मिलिग्रॅमच्या आसपास पुरती भरते. त्याहून जास्त कॅल्शियम घालून फारसा फायदा होत नाही.

आता आम्लाचा संबंध. शंख बसवताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येतात आणि प्रत्येक वेळी एक हायड्रोजन आयन मोकळा होतो. तो शरीराबाहेर टाकावाच लागतो, नाहीतर तो बसवलेलाच शंख पुन्हा विरघळवेल. त्वचेच्या पेशी हे काम ऊर्जा खर्चून, प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) पंपाने करतात, आणि कॅल्शियम आत घेण्याची क्रियाही या बाहेर टाकण्याशी जोडलेली असते. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन आधीच भरपूर असतील तर पंपाला उताराविरुद्ध काम करावे लागते. खर्च वाढतो आणि शोषण घटते.

शिवाय बायकार्बोनेटही कमी पडते. काही बायकार्बोनेट शरीरात, श्वसनातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपासून, कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या मदतीने तयार होते. काही पाण्यातून घ्यावे लागते, आणि आम्ल पाण्यात ते नेमके तुटपुंजे असते. तीन बाजूंनी एकाच वेळी कोंडी होते, म्हणूनच वाढ इतकी लवकर थांबते.

रक्तावर काय परिणाम होतो?

गोगलगायीच्या रक्तद्रवाचा सामू सामान्यतः ८ च्या थोडा खाली असतो. आम्ल पाण्यात, किंवा कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या पाण्यात, तो उतरू लागतो. त्याला सावरायला शरीराजवळ एक मोठा साठा असतो तो म्हणजे शंख. आतल्या बाजूने कार्बोनेट विरघळते, आम्ल शमते आणि रक्तद्रवात कॅल्शियम वाढते. थोड्या काळासाठी ही उत्तम सोय आहे. पण पाणी महिनोन्महिने आम्ल राहिले तर शंख बाहेरून आणि आतून असा दोन्हीकडून पातळ होतो.

प्राणवायूचीही ओढाताण होते. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांबे असलेले हिमोसायनिन असते, तर रॅम्सहॉर्न या चपट्या वेटोळ्यांच्या गोगलगायींच्या कुळात लाल हिमोग्लोबिन. अनेक जातींत रक्तद्रव आम्ल झाला की हे रंगद्रव्य प्राणवायू कमी घट्ट धरते. त्यामुळे पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही गोगलगाय सुस्त दिसू शकते.

क्षारांचा तोल बिघडतो म्हणजे नेमके काय?

रक्तद्रवात सोडियम लिटरमागे साधारण ५० मिलिमोल असते आणि मऊ (कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेल्या) पाण्यात बहुधा १ पेक्षाही कमी. त्यामुळे सोडियम सतत बाहेर झिरपते आणि पाणी आत शिरते. गोगलगाय भरपूर पातळ मूत्र टाकून आणि सोडियम पुन्हा ओढून घेऊन तोल सांभाळते. सोडियम ओढण्याची यंत्रणाही हायड्रोजन आयन बाहेर टाकण्यावर अवलंबून आहे, म्हणून आम्ल पाण्यात तीही ढिली पडते. अचानक आम्ल झालेल्या पाण्यात गोगलगायी मरतात तेव्हा कारण बहुधा हेच असते. शंख विरघळायला आठवडे लागतात, क्षार गमवायला तितका वेळ लागत नाही.

गोगलगाय झाकण लावून बसली आहे किंवा सारखी पाण्याबाहेर चढते आहे. हे आम्लामुळेच का?

असू शकते, पण अमोनिया, तांबे, कमी प्राणवायू आणि तापमान यांनीही हेच होते. चारही तपासा. झाकण असलेली गोगलगाय दार लावून घेते तेव्हा बाहेरचे पाणी थांबते, पण आत कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायूविना चाललेल्या चयापचयातील आम्ले साठतात आणि तीही शंखाच्या आतल्या थरावरच शमवली जातात. म्हणजे दार लावून ती फार काळ सुरक्षित राहत नाही. दोन दिवसांत उघडली नाही तर स्वच्छ, योग्य पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवा आणि वास घ्या. मेलेल्या गोगलगायीची दुर्गंधी चुकत नाही. तिला लगेच काढा, कारण तेवढ्याने छोट्या टाकीत अमोनिया चढतो.

अंडी आणि पिल्ले जास्त नाजूक असतात का?

हो, फार. पिल्लांची कॅल्शियमची गरज वजनाच्या मानाने प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि शंख पातळ असतो. लिम्नियासारख्या जाती पाण्यात जेलीसारख्या पुंजक्यात अंडी घालतात. अंड्यातला गर्भ शंख घडवू लागला की बाहेरच्या पाण्यातून कॅल्शियम घेतो. मऊ, आम्ल पाण्यात असे गर्भ मागे पडतात, उशिरा बाहेर येतात किंवा येतच नाहीत. अ‍ॅपल स्नेलची अंडी पाण्याबाहेर, चुनखडीच्या कवचात असतात. तिथे कॅल्शियम आईच्या शरीरातून जाते, म्हणून आईच्या पाण्यातली कमतरता अंड्यांत उतरते. प्रौढ ठणठणीत आहेत पण पिल्ले दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर पाण्याचे काठिण्य (त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम) आधी मोजा.

सामू ७.४ आहे, तरी शंख झिजतो. का?

नेहमीची कारणे चार आहेत.

पहिले, कॅल्शियम कमी. आयन बदलणाऱ्या सॉफ्टनरच्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. सामू आणि क्षारता छान दिसतात, काठिण्य मात्र शून्याजवळ असते.

दुसरे, काठिण्य मोजले पण ते सगळे मॅग्नेशियमचे निघाले. एकूण काठिण्याची चाचणी दोन्ही धातू एकत्र मोजते. काठिण्य जर्मन अंश या एककात मोजतात; एक अंश पूर्ण कॅल्शियमचा असेल तर तो लिटरमागे ७.१ मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवतो. शंका असेल तर कॅल्शियमची वेगळी चाचणी करा.

तिसरे, मोजण्याची वेळ. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड वापरतात, रात्री सगळेच तो सोडतात. दुपारी ७.४ दाखवणारे पाणी पहाटे ६.७ वर असू शकते. मोजायचे तर दिवे लागण्याआधी.

चौथे, ही झीज जुनी आहे आणि पाणी आता ठीक आहे. तोंडाची कड जाड आणि गुळगुळीत असेल तर हेच समजा.

सामू अचूक कसा मोजायचा?

कागदी पट्ट्या ढोबळ अंदाज देतात, थेंबांची चाचणी बरी. डिजिटल मीटर असेल तर ७.०० आणि ४.०१ च्या द्रावणांनी तो जुळवून घ्या आणि मऊ पाण्यात आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटे द्या. घाईत घेतलेला आकडा तिथे हमखास चुकतो.

टाकीचे पाणी आपोआप आम्ल का होत जाते?

सर्वांत मोठे कारण नायट्रीकरण. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल तयार होते. अमोनियारूपातील प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७.१ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) खर्ची पडते. पाणी बदलले नाही की क्षारता रोज थोडी थोडी संपते. सामू आठवडेच्या आठवडे स्थिर दिसतो आणि शेवटची क्षारता संपली की धाडकन कोसळतो. म्हणून सामूपेक्षा क्षारतेवर नजर ठेवणे शहाणपणाचे.

बाकी कारणे: पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पती), लाकडाचे ओंडके, जंगली बदामाची पाने, वनस्पतींसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, आरओचे किंवा पावसाचे पाणी. स्वच्छ पावसाचे पाणीही हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असते. गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवली असेल तर तेही कारण धरा. १ ग्रॅम तुरटी सुमारे ०.३ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खाते आणि वर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम घालते.

आम्लता कार्बन डायऑक्साइडची की संपलेल्या क्षारतेची, हे कसे ओळखायचे?

टाकीतले ग्लासभर पाणी घ्या, सामू मोजा, त्यात २४ तास हवेचा दगड (हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. सामू अर्ध्या अंकाने किंवा जास्त चढला तर दोष कार्बन डायऑक्साइडचा. पृष्ठभागाची हालचाल वाढवा, गॅस कमी करा. जवळजवळ जागेवरच राहिला तर क्षारता संपली आहे किंवा सेंद्रिय आम्ले आहेत. मग खालचा उपाय.

अंदाजासाठी एक सूत्र: लिटरमागे कार्बन डायऑक्साइडचे मिलिग्रॅम = ३ × कार्बोनेट काठिण्य × १० चा (७ − सामू) घात. कार्बोनेट काठिण्य म्हणजे जर्मन अंशांत मोजलेली क्षारता. काठिण्य ४ अंश आणि सामू ७ असेल तर उत्तर १२ येते. सेंद्रिय आम्ले असलेल्या पाण्यात हे सूत्र फसते.

पाणी सुधारायचे कसे? नेमके प्रमाण सांगा.

आधी अमोनिया मोजा. ही पायरी गाळू नका. आम्ल पाण्यात नायट्रीकरण मंदावते आणि अमोनिया साठतो, पण तो बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. २५ अंशांना सामू ६ असताना त्याचा विषारी भाग ०.०६ टक्क्यांच्या आसपास असतो, सामू ८ ला ५ टक्क्यांच्या वर. घाईने सामू चढवला की तोच साठा विष होतो. अमोनिया दिसला तर आधी दोन-तीन दिवस रोज पंचमांश पाणी बदला.

नंतर १०० लिटर पाण्यासाठी प्रमाण असे:

कार्बोनेट काठिण्य १ अंश वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम. यात कॅल्शियम नसते.

एकूण काठिण्य १ अंश वाढवायला जिप्सम ३.१ ग्रॅम, किंवा कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.६ ग्रॅम. यांनी क्षारता वाढत नाही. जिप्सम सावकाश विरघळते. क्लोराइड विरघळताना पाणी तापते, म्हणून ते टाकीत थेट टाकू नका.

यांपैकी कोणताही क्षार टाकीच्याच अर्धा लिटर पाण्यात विरघळवा आणि फिल्टरच्या प्रवाहात हळू ओता. दिवसाला एक अंशाहून जास्त नाही. सामू दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नका. कार्बोनेट काठिण्य ४ ते ६ अंश, एकूण काठिण्य ८ अंशांच्या वर आणि कॅल्शियम निदान ३० मिलिग्रॅम, एवढे ध्येय ठेवा.

रोज क्षार मोजायचा कंटाळा असेल तर भरडलेले प्रवाळ जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. १०० लिटरला १०० ते २०० ग्रॅमपासून सुरुवात करा. ते आम्ल पाण्यात जास्त विरघळते आणि सामू चढला की आपोआप मंदावते. आमची पसंती यालाच आहे, कारण यात चूक झाली तरी ती हळू होते.

चुना टाकला तर?

टाकीत नको. कळीचा चुना आणि विरलेला चुना दोन्ही तीव्र अल्कली आहेत. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू १२ च्या वर असतो आणि त्याने गोगलगायींचा पाय व कल्ले भाजतात. मोठ्या तळ्याची आम्लता घालवायची असेल तर बारीक दळलेली चुनखडी वापरा.

अंड्याचे कवच किंवा समुद्रफेस टाकून भागते का?

थोडेफार. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. अंड्याचे कवच उकळून, आतला पापुद्रा काढून, पूड करून द्या. समुद्रफेस तरंगतो, दगडाने दाबून ठेवावा लागतो. गोगलगायी ते खरवडून खातात हा खरा फायदा. पण पाणीच आम्ल असेल तर त्वचेवाटे होणारे नुकसान अन्नाने भरून येत नाही. सामू ७.५ च्या वर असेल तर हे तुकडे पाण्यात फारसे विरघळतही नाहीत.

झिजलेला शंख पुन्हा भरून येतो का?

बाहेरून नाही. प्रावार फक्त आतून थर चढवू शकतो, म्हणून खड्डा तसाच राहतो पण त्यामागची भिंत जाड होऊ शकते. सुधारणा पाहायची तर तोंडाच्या कडेचा स्पष्ट फोटो आज घ्या आणि महिन्याने पुन्हा घ्या. पाणी सुधारले असेल तर जुन्या-नव्या शंखाच्या मध्ये एक ठळक आडवी रेषा दिसेल आणि तिच्या पुढचा भाग गुळगुळीत, एकसारख्या रंगाचा असेल.

आम्ल पाण्यात धातू जास्त घातक का होतात?

सामू आणि क्षारता उतरली की तांबे मुक्त आयन रूपात जास्त राहते, आणि गोगलगायींना तेच मारते. आम्ल पाणी तांब्याच्या नळातून तांबे सोडवतेही. शेवाळासाठी किंवा माशांच्या औषधात वापरलेला मोरचूद (तांब्याचे सल्फेट) मऊ, आम्ल पाण्यात कितीतरी जास्त प्राणघातक ठरतो. गोगलगायी असलेल्या टाकीत तो मुळीच नको. अ‍ॅल्युमिनियम साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. शिसे कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून पिल्लांना सर्वांत आधी बाधते.

वर्तनावर परिणाम होतो का?

होतो. लिटरमागे ८० मिलिग्रॅमऐवजी २० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात लिम्नियाची दीर्घकालीन स्मृती तयार होण्यात अडथळा येतो, असे प्रयोगांत दिसले आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे काही टोकाची टंचाई नव्हे, पुष्कळ तळ्यांत एवढेच असते.

महाविद्यालयीन प्रयोगात आम्लाचा परिणाम दाखवायचा आहे. पाणी आम्ल कशाने करावे?

आधी ठरवा काय तपासायचे आहे. कार्बन डायऑक्साइड सोडला तर सामू उतरतो पण क्षारता तशीच राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर बायकार्बोनेटच नष्ट होते. दोन्ही भांड्यांत सामू ६.३ दिसेल, पण गोगलगायीच्या दृष्टीने ती दोन वेगळी पाणी आहेत. म्हणून प्रत्येक भांड्याची क्षारता आणि कॅल्शियम लिहून ठेवा.

जिवंत गोगलगायींसोबत तेवढ्याच आकाराचे रिकामे शंख प्रत्येक भांड्यात ठेवा. ते ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, आधी आणि नंतर तोला. रिकाम्या शंखाची घट म्हणजे निव्वळ विरघळणे. जिवंत गोगलगायींच्या वाढीतला फरक त्याच्याशी ताडून पाहिला की शरीरक्रियेचा वाटा वेगळा काढता येतो. दर गटात निदान दहा गोगलगायी, एकाच पिलावळीतल्या, आणि एक भांडे न बदललेल्या पाण्याचे हवेच.

सामू ५.५ च्या खाली नेण्याची गरज नाही, परिणाम त्याआधीच स्पष्ट दिसतो. स्पर्शाला प्रतिसाद देईनाशी झालेली गोगलगाय लगेच प्रयोगातून काढा आणि चांगल्या पाण्यात हलवताना तीन-चार तासांत थोडे थोडे पाणी मिसळत न्या.